पोत्यातला देश

वर्गात चिठ्ठ्या टाकून देश वाटले होते. कोणाला जपान मिळाला, कोणाला फ्रान्स, आणि एकाला स्वित्झर्लंड, ज्याचा मामा म्हणे तिथे जाऊन आलेला. आमच्या बायच्या हाताला मोझांबिक लागलं. सातवीतली पोर, पण शाळेतून आली ती दप्तर टाकून सरळ माजघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

"पप्पा, ह्या देशाचं नावसुद्धा कोणाला माहीत नाही. सगळी हसली मला."

"मला माहीत आहे की. आफ्रिकेत आहे," मी म्हटलं आणि तिथेच माझं ज्ञान आटपलं.

म्हापशाच्या बाजारात आमचा पसरा आहे, म्हणजे किराणा दुकान. वडिलांनी टाकलं, आता मी बघतो. तांदूळ, डाळी, गूळ, तेल, आणि पुढच्या फळीवर पर्यटकांसाठी काजूची पाकिटं. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे पंधरा दिवस आम्हाला पाणी प्यायला फुरसत नसते आणि नेमका तेव्हाच शाळेने हा प्रोजेक्ट दिला. चवथीच्या सुट्टीत करायचा, सुट्टी संपल्यावर दोनेक आठवड्यांनी द्यायचा. पंधरा पानांची फाइल, एक चार्ट, एक मॉडेल आणि वर्गापुढे पाच मिनिटं बोलणं. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या, पाहुणे सांभाळायचे, आणि मधल्या वेळात मोझांबिक. सुट्टी ही सुट्टी असते हे शाळांना कोणी तरी एकदा सांगायला हवं.

सुरुवातीला मीच चुकलो. पोरीचं तोंड उतरलेलं बघवेना, म्हणून त्याच रात्री दुकान बंद करून आल्यावर माळ्यावरून जुना ॲटलास काढला. थोरल्या भावाचा, साठच्या दशकातला, वाळवीने कडा खाल्लेला. बटरपेपर ठेवून नकाशा गिरवला, चार्टवर उतरवला, रंग भरले. राजधानी लिहिली लोरेन्सो मार्किश. पश्चिमेला ऱ्होडेशिया, उत्तरेला टांगानिका. रात्रीचा एक वाजला होता, पण काम झोकात झालं म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

सकाळी बायने नकाशा बघितला, मग फोन बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"पप्पा, हे देशच नाहीत."

खरंच नव्हते. टांगानिका १९६४ मध्ये झांझिबारशी जोडला जाऊन टांझानिया झाला. लोरेन्सो मार्किशचं १९७६ मध्ये मापुतो झालं, ऱ्होडेशियाचा १९८० मध्ये झिंबाब्वे. माझा आख्खा चार्ट पन्नासेक वर्षं मागे पडलेला. बायको चहा गाळता गाळता म्हणाली, "सातवीत कोण आहे, तू की ती?" उत्तर द्यायला काही नव्हतंच.

त्या दिवशी ठरलं की चार्टला माझा हात लागणार नाही. वस्तू आणून देणं, न्यायचं तिथे नेणं, आणि कोणाशी बोलायचं असेल तर ओळख करून देणं, इतकंच माझं काम. तसाही मी इंग्रजी वाचतो, पण लिहायला बसलो की घाम फुटतो, आणि शाळा तिची इंग्रजी माध्यमाची. तो बाद नकाशा मात्र बायने फेकला नाही. घडी घालून ठेवून दिला.

पहिले तीन दिवस तिने जे केलं ते सगळी मुलं करतात. इंटरनेटवरून उतरवून काढलं. चार पानं झाली. अक्षर सुरेख, ठळक शीर्षकं, आणि खाली काय लिहिलंय ते तिलाही ठाऊक नाही. ह्यावर उपाय निघाला तो माझ्या आईमुळे, आणि तोही न ठरवता. आई सावंतवाडीकडची, चौथी शिकलेली, इंग्रजीचा गंध नाही. दुपारी पडवीत वाती वळत बसलेली असताना तिने सहज नातीला विचारलं, "काय लिहितेस गो एवढं? मला सांग बघू."

बायने वाचून मराठीत सांगायला सुरुवात केली. "तिथली अर्थव्यवस्था मिश्र आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे… मिश्र."

"कसली मिसळ? कोण काय पिकवतो तिथे?"

बाय गप्प. वाक्य खोडलं. मग हीच पद्धत पडली. जे आजीला मराठीत सांगता येत नाही ते फाइलमध्ये जात नाही. आजी मुद्दाम परीक्षा घेत नव्हती, तिला खरोखरच कळत नव्हतं, म्हणून तर ती परीक्षा चोख होती. चार पानांची दीड झाली. "क्षेत्रफळ सुमारे आठ लाख चौरस किलोमीटर" ह्या वाक्यावर आजी म्हणाली, "म्हणजे केवढं?" तेव्हा बायने गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटरने भागाकार केला आणि दोनशेहून जास्त गोवे त्यात बसतात असं सांगितलं. "आणि माणसं?" तीन कोटींहून जास्त. आजीने वात वळायची थांबवली. "एवढा मोठा देश आणि नाव ठाऊक नाही म्हणून रडत होतीस?"

वेळेचंही तसंच. तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास. आपल्याकडे सकाळची आरती साडेनऊला, तेव्हा तिथे सहा वाजलेले. ऋतूही उलटे, कारण देश विषुववृत्ताच्या खाली. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, नाताळ ऐन उन्हाळ्यात. आजीला नाताळाचं फार नवल वाटलं नाही. "आपल्याकडेही नाताळात कुठे थंडी असते?" म्हणाली.

आता दुकानातली गोष्ट.

फाइलमध्ये 'भारताशी संबंध' असं एक पान हवं होतं. बाय दुकानात गल्ल्यामागे बसून काहीतरी वाचत होती, मी पोतं फोडून तूरडाळ डब्यात ओतत होतो. ती एकदम म्हणाली, "पप्पा, भारत सरकारने २०१६ मध्ये मोझांबिकशी करार केला, तूर आणायचा. पहिल्या वर्षी एक लाख टन, आणि पाच वर्षांत दोन लाखांपर्यंत."

"तूर? ही तूर?"

"डाळीला तूर म्हणतात ना आपल्यात?"

मी बेळगावच्या व्यापाऱ्याला फोन लावला. पंचवीस वर्षांचा संबंध, पण डाळ कुठून येते हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. भाव विचारायचा, पोती सांगायची, फोन ठेवायचा. तो हसला. "अहो, गजरी तूर ऐकलीय ना? ती मोझांबिकचीच. आपलं पीक डिसेंबर-जानेवारीत येतं, त्याआधी माल लागतो. तिकडचं ऑगस्ट-सप्टेंबरात निघतं. मिलवाले सगळं मिळून भरडतात, डाळ झाल्यावर कुठली कोण सांगणार?" गजरी हा शब्द मी बाजारभावात शंभरदा वाचला असेन. माझ्या मनात ते तुरीच्या जातीचं नाव होतं. पुढच्या गाडीबरोबर त्याने कागदाच्या पुडीत मूठभर अख्खी तूर पाठवली, वर पेनाने लिहिलं होतं, 'बेबीच्या शाळेसाठी'.

ती पुडी हातात घेऊन बाय खुळ्यासारखी हसत सुटली. ज्या देशाचं नाव कोणाला ठाऊक नाही तो रोज आमच्या वरणात होता.

पण त्याच दुपारी तिने दुसरा प्रश्न विचारला, आणि तो मला जड गेला. काजू ब्राझीलचं झाड. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात गोव्यात आणलं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही नेलं. मोझांबिकमध्ये ते इतकं फोफावलं की स्वातंत्र्याच्या आसपास काजूत तो जगातल्या पहिल्या देशांत होता. पुढे यादवी युद्धात बागा उजाड झाल्या. मग नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या आग्रहावरून कच्च्या काजूवरचा निर्यातकर उतरवला गेला, कच्ची बी भारतात जाऊ लागली, आणि तिथले काजूचे कारखाने एकामागून एक बंद पडले. हजारो कामगार घरी बसले, त्यांत बायाच पुष्कळ.

"भारतात म्हणजे कुठे, पप्पा?"

"केरळात. मंगळूरकडे." थोडं थांबून म्हटलं, "गोव्यातही."

"म्हणजे त्यांचे कारखाने आपल्यामुळे बंद पडले?"

इतकं सरळ नसतं ते, असं काहीतरी मी पुटपुटलो. ती उठून पुढच्या फळीपाशी गेली. आमच्याकडे दोन तऱ्हेचे काजू असतात. एक इथल्याच बागांतला, सालासकट भाजलेला, महाग. दुसरा एका पुरवठादाराकडून पाकिटबंद येतो, पांढरा, किलोमागे दीडदोनशे रुपयांनी स्वस्त. पाकिटावर माड, होडी, मावळता सूर्य आणि मोठ्या अक्षरांत गोवा.

"हा कुठला?"

गोव्यात भाजून भरलेला आहे, हे खोटं नव्हतं. बी मात्र बाहेरची, आफ्रिकेतून आलेली. हे मला ठाऊक होतं, बाजारात सगळ्यांना ठाऊक असतं. गोव्यात पिकणारा काजू गोव्याच्या कारखान्यांना पुरत नाही. २०२३ मध्ये 'गोवा काजू'ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही दुकानदारांनी पेपरातली बातमी कापून काचेखाली लावली होती. आणि त्याच काचेवर ही पाकिटं रचलेली.

"मग वर गोवा का लिहिलंय?" बायने विचारलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, देवच पावला. गिऱ्हाइकाने नेमकी दोन पाकिटं तीच घेतली.

चवथीला आम्ही पेडण्याला मूळ घरी जातो. दीड दिवसाचा गणपती, पण सात-आठ बिऱ्हाडं एकत्र आली की घर गजबजून जातं. मॉडेलचं काम तिथे झालं. माझ्या डोक्यात मॉडेल म्हणजे थर्माकोलवर डोंगर आणि निळा रंग लावलेली नदी. बायला मात्र तिंबिला करायची होती. मोझांबिकच्या दक्षिणेकडच्या चोपी लोकांचं हे वाद्य. लाकडाच्या पट्ट्या ओळीने बांधतात, प्रत्येक पट्टीखाली सुका भोपळा टांगतात आणि काठीच्या टोकाला रबर गुंडाळून वाजवतात. एकेका ताफ्यात दहा-वीस तिंबिला असतात, लहानमोठ्या. युनेस्कोने २००५ मध्ये ह्या कलेला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशातला श्रेष्ठ नमुना म्हणून जाहीर केलं.

भोपळे कुठून आणणार? मागच्या खोलीत नेवऱ्यांसाठी नारळ खवून करवंट्यांचा ढीग पडला होता. परसात बांबू. बायने चुलतभावाकडून बांबूच्या सात पट्ट्या तासून घेतल्या, लांबीने उतरत्या. दोन काठ्यांवर टोकं टेकवून त्या आडव्या ठेवल्या आणि वाजवल्या. टक. टक. टक. सगळ्या सारख्याच, दारावर टकटक केल्यासारख्या. पोरगी रडवेली झाली.

माझा एक चुलतभाऊ घुमट, म्हणजे तोंडावर कातडं चढवलेलं मडक्याचं वाद्य, वाजवतो. आरतीला त्याच्या घुमटावर थाप पडली की पलीकडच्या वाड्यावर ऐकू जाते. तो कात्रीने नारळाच्या शेंड्या कापत बसला होता. त्याने काही न बोलता सर्वांत लांब पट्टी उचलली, एका टोकाला दोन बोटांत हलकीच धरली आणि दुसऱ्या हाताने मधोमध टिचकी मारली. बद्द. बोटं इंचभर आत सरकवली, टिचकी. पुन्हा बद्द. आणखी इंचभर. टोकापासून साधारण पाव भागाला किंचित कमी, तिथे बोटं आली आणि पट्टी एकदम बोलली. टणण्ण. स्वच्छ, लांबणारा आवाज.

"हं. हिला इथे बांधायची. टोकं मोकळी सोड. टोकाला टेकवलीस तर ती थरथरणार कशी?"

बायने स्वतः सातही पट्ट्या तशा बोटांत धरून तपासल्या, पेन्सिलीने खुणा केल्या, आणि सगळ्यांच्या खुणा टोकापासून त्याच प्रमाणात निघाल्यावर ती इतकी ओरडली की गणपतीपुढचा दिवा सारायला आलेली काकी दचकली. खुणांवर सुतळी बांधली. आता पट्ट्या खरोखर वेगवेगळ्या वाजायला लागल्या, लांब पट्टीचा आवाज खर्जातला, आखूड पट्टीचा टिपेचा. खाली करवंट्या टांगल्या. सातांपैकी दोनच पट्ट्यांचा आवाज करवंटीने वाढला, बाकीच्या पाचांना काहीच फरक नाही. माझ्या भावाने करवंट्या आलटून पालटून बघितल्या. "पट्टीला तिच्या मापाचं पोट लागतं. मोठ्या आवाजाला मोठं. म्हणून ते लोक भोपळे मापाने निवडत असणार. करवंट्या सगळ्या एकाच घरच्या." खऱ्या तिंबिलात भोपळ्याला भोक पाडून त्यावर पातळ पडदा चिकटवतात, त्याने आवाजाला गुणगुण येते. आम्ही पावाच्या पिशवीचं पातळ प्लास्टिक लावलं. एका करवंटीने खरंच गुंऽऽ केलं, डबीत माशी अडकल्यासारखं.

ह्याच गडबडीत घुमटाचीही गोष्ट निघाली. पूर्वी त्याच्या तोंडावर घोरपडीचं कातडं चढवत. कायद्याने घोरपड मारायला बंदी आली, आता बकरीचं चढवतात. बायने तेही फाइलमध्ये घातलं, मोझांबिकच्या फाइलमध्ये. मी म्हटलं, ह्याचा काय संबंध? "आहे," म्हणाली. मी गप्प बसलो, चार्टचा नियम फाइललाही लागू होता.

सुट्टी संपल्यावर एका दुपारी पणजीला गेलो, पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. तिथे दोन तासांत तिला मिळाली चारच वाक्यं, पण ती कुठून उतरवलेली नव्हती. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा. आज नकाशात जे कोपऱ्यात ठिपक्याएवढे आहोत ते आपण तेव्हा आपल्याहून कितीतरी मोठ्या मुलखाचं कचेरीचं गाव होतो. आणि दुसरं, लिस्बनहून निघालेली गलबतं गोव्याच्या वाटेवर मोझांबिक बेटाला थांबायची, वाऱ्याची वाट बघत. फ्रान्सिस झेवियरसुद्धा १५४१-४२ मध्ये तिथे सहाएक महिने अडकला, आणि मग मे १५४२ मध्ये गोव्यात उतरला. आजीला हे लगेच समजलं. "हवा तो वारा लागेपर्यंत थांबायचं. आमच्या वेंगुर्ल्याची गलबतंही तेच करायची." ही चार वाक्यं एका फटक्यात पास झाली.

झेंड्याचं थोडक्यात सांगतो. मोझांबिकच्या झेंड्यावर एक उघडं पुस्तक आहे, त्यावर आडवी कुदळ आणि संगिनीसकट कलाश्निकोव्ह बंदूक. शाळेच्या चार्टवर बंदूक काढायची का, ह्यावर घरात दोन पक्ष पडले. बायने टीचरना विचारलं. त्या म्हणाल्या, झेंड्यावर आहे तर काढ, पण कशासाठी आहे ते सांगता आलं पाहिजे. मग तिने वाचलं. १९६४ ते १९७४ पोर्तुगीजांशी सशस्त्र लढा, लिस्बनमध्ये सत्तापालट, २५ जून १९७५ ला स्वातंत्र्य. पुस्तक शिक्षणासाठी, कुदळ शेतकऱ्यांसाठी, बंदूक देश राखायला. पुस्तक आणि कुदळ छान उतरली. बंदूक चवथीतल्या टिकल्या फोडायच्या पिस्तुलासारखी दिसत होती.

आणि मग शुक्रवार आला. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. हळदोण्याकडच्या एक वयस्क आंटी दर शुक्रवारी आमच्याकडे डाळ, व्हिनेगर आणि मोलास घेतात. बाय गल्ल्यामागे बसून भाषण पाठ करत होती, "मोझांबिक इज अ कंट्री…"

"कोण म्हण्टा मोझांबिक?" आंटी वळल्या. "अगे, हांव थंयचीच!"

इतकी वर्षं ह्या बाईला मी डाळ मोजून देतोय आणि मला हे माहीत नव्हतं. आंटींचे वडील तिथे रेल्वेत होते. गोव्याची पुष्कळ माणसं तेव्हा तिथल्या रेल्वेत, कस्टममध्ये, बँकांत होती, परत आली तेव्हा गावाने त्यांना आफ्रिकार म्हटलं. आंटी जन्मल्या त्या लोरेन्सो मार्किशलाच. अजूनही मापुतो म्हणत नाहीत. बायने धावत जाऊन माझा बाद नकाशा आणला. तो बघून आंटींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि समुद्राच्या कडेला एका जागी बोट टेकवलं. तिथे त्यांचं घर होतं.

मी त्यांना स्टूल दिलं. दीड तास बसल्या. दुकानात गिऱ्हाइकं येत होती, जात होती. बायने प्रश्न लिहून आणले नव्हते, तरी तिचे प्रश्न संपेनात. काय खायचा? शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. आणि मातापा, म्हणजे कसाव्याचा पाला कुटून शेंगदाण्याचं कूट आणि नारळाच्या रसात रटरटून शिजवलेला. कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तोच कंद, हे आजीने नंतर ऐकलं आणि उपवासाच्या खिचडीकडे संशयाने बघितलं. शिमाचं स्पेलिंग इंग्रजी एक्सने सुरू होतं. मी ते झिमा वाचलं असतं. बायने बरोबर वाचलं, कारण शाकुतीच्या पाट्या वाचत वाढलेल्या गोंयच्या पोराला एक्सचा श होतो हे सांगावं लागत नाही.

फुटबॉलही निघाला. एउसेबियु त्याच शहरात वाढलेला. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये पोर्तुगालच्या शर्टात त्याने नऊ गोल मारले, त्यांतले चार एकट्या उत्तर कोरियाला. "गोल पोर्तुगालचे, पाय आमचे," आंटी म्हणाल्या.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी आमच्या शाळेच्या पुस्तकात नाही. १९ डिसेंबर १९६१. गोवा मुक्त झाला ती तारीख बायला पाठ होती. आंटी तेव्हा बारा वर्षांच्या, बायएवढ्याच. त्यांच्या बाकावर एक गुजराती मुलगी बसायची, वडिलांचं कापडाचं दुकान. गोवा गेला ह्याचा राग पोर्तुगीजांनी तिथल्या भारतीयांवर काढला. ज्यांच्याकडे भारताचा पासपोर्ट होता त्या कुटुंबांना धरून छावण्यांत ठेवलं, दुकानं सील केली, आणि पुढे देशाबाहेर घालवलं. आंटींच्या घरच्यांकडे पोर्तुगीज कागद होते म्हणून त्यांना कोणी हात लावला नाही. "सुट्टीनंतर शाळेत गेले तर बाकावर मी एकटी. तिची पट्टी राहिली होती माझ्या दप्तरात. लाकडी." पुढे स्वातंत्र्यानंतर, १९७६ मध्ये, आंटींनाही निघावं लागलं.

बायने विचारलं, "पट्टीचं काय केलं?"

आंटींनी हात हलवला, गेली कुठे तरी असा. मग म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी कापुलाना आणीन. आणलीही. लाल-पिवळ्या छपाईचं कापड, तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात, पोर पाठीशी बांधतात. आंटींनी इतकी वर्षं शिवणयंत्रावर झाकायला घेतलं होतं, तेलाचे डाग होते. बायने मॉडेलखाली अंथरलं.

प्रोजेक्ट दिला त्या दिवशी मी तिंबिला स्कूटरवर पुढ्यात घेऊन शाळेत पोचवली, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती वाजत होती. पहिला नंबर स्वित्झर्लंडला आला, छापील चार्ट आणि बर्फाचे डोंगर. बायला नंबर नाही, पण पाच मिनिटांऐवजी बारा मिनिटं बोलू दिलं, आणि जुना नकाशा व नवा नकाशा शेजारी धरून दाखवले तेव्हा कोणी हसलं नाही, असं तिने घरी येऊन दोनदा सांगितलं. तिंबिला वर्गात ठेवून घेतली. आठवड्यात पोरांनी दोन पट्ट्या मोडल्या.

काजूचा प्रश्न तसाच राहिला होता. बाय पुन्हा विचारत नव्हती, आणि तेच वाईट होतं. एका रात्री शटर ओढताना मी म्हटलं, "तूच लिही काय लिहायचं ते." तिने जाड मार्करने पुठ्ठ्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं: 'बी आफ्रिकेची. भाजली गोव्यात.' मी म्हटलं, मोझांबिक लिही ना. "कुठून आली ते नक्की माहीत नाही ना आपल्याला," म्हणाली. मग पुरवठादाराला फोन केला, तोही सांगेना. आफ्रिकाच राहिलं.

पाटी लागल्यापासून ती पाकिटं कमी खपतात हे खरं आहे. पर्यटक वाचतात, पाकीट उलटंसुलटं करतात, परत ठेवतात. काही जण मग महागडा घेतात, काही शेजारच्या दुकानात जातात, जिथे पाटी नाही. पुरवठादाराने एकदा येऊन पाटीकडे बघितलं आणि काही न बोलता गेला. पुढच्या महिन्यात माल उधार देणं मात्र बंद केलं.

गेल्या शुक्रवारी आंटी आल्या. पाटी वाचली, चष्मा वर सरकवून पुन्हा वाचली. अर्धा किलो काढायला सांगितले, स्वस्तातले. मी पाकीट पुढे केलं, हिशेब सांगितला.

"आमच्या गांवचे काजू न्हय?" आंटी घासाघीस करत म्हणाल्या. "मागीर इल्लें उणें कर."